आत कोणीच नसलेलं टेकाड

या टेकाडाखाली कोणालाही पुरलेलं नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण फोटो पाहिला की पहिला प्रश्न हाच येतो : आत काय आहे? आपल्या डोळ्यांना स्तूपाची सवय. मातीची किंवा विटांची अर्धगोल रास दिसली की आत अस्थी असणार, निदान एखादी करंडी तरी असणार, असं आपण धरून चालतो. पोलंडमधल्या ओकशेया गावात हेन्रिक शेंकेविच या कादंबरीकाराच्या नावाने जे मातीचं टेकाड उभं आहे, त्याच्या पोटात मात्र मातीच आहे. ज्याच्या नावाने ते रचलं, तो लेखक इथून सुमारे शंभर किलोमीटरवर, वॉर्साच्या सेंट जॉन कॅथेड्रलच्या तळघरात विसावलेला आहे.

मग एवढी माती कोणी आणि कशासाठी रचली? पुतळा का उभारला नाही? आणि हा मान सेनापतीला किंवा राजाला न देता गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला का? या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवताना पोलंडचा दीडशे वर्षांचा इतिहास आपोआप हाताला लागतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी शब्द. पोलिश भाषेत अशा टेकाडाला 'कोप्येत्स' म्हणतात. शब्द भारदस्त वगैरे अजिबात नाही. हिवाळ्यात बटाटे गारठू नयेत म्हणून शेतकरी शेतातच त्यांचा ढीग करून वर पेंढा आणि माती घालतो, त्यालाही कोप्येत्सच म्हणतात. दोन गावांच्या शिवेवर हद्दीची खूण म्हणून मातीचा उंचवटा करायचे, तोही कोप्येत्स. म्हणजे हा शब्द शेतात काम करणाऱ्या माणसाच्या तोंडचा आहे. स्मारकाचं नावच त्याच्या रोजच्या बोलण्यातून आलेलं असल्यामुळे त्याला ते कधी परकं वाटलं नाही.

या प्रथेचं मूळ क्राकूव शहरात सापडतं. तिथे दोन फार जुनी टेकाडं आहेत. एक क्राकस राजाचं, साधारण १६ मीटर उंच, आणि दुसरं त्याची मुलगी वांडा हिचं. क्राकस हा दंतकथेतला राजा, क्राकूव शहर वसवणारा. त्याच्या टेकाडाबद्दलची कथा मला फार आवडते. राजा गेल्यावर लोकांनी माती वाहून आणली म्हणे, आणि ती टोपल्यांतून नाही तर अंगरख्याच्या बाह्यांमधून. पोलिश भाषेत बाहीला 'रेंकाफ' म्हणतात, म्हणून त्या जागी ईस्टरनंतरच्या मंगळवारी भरणाऱ्या जत्रेचं नाव 'रेंकाफ्का'. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करील की नाही हा प्रश्न वेगळा. शतकानुशतकं लोकांनी ही कथा सांभाळली, कारण तिच्यात एक चित्र आहे : बाहीचं टोक मुठीत आवळलंय, आत दोन ओंजळी माती आहे आणि माणूस चढ चढतोय.

१९३४ ते १९३७ या काळात पुरातत्त्वज्ञांनी क्राकसचं टेकाड पद्धतशीर खणलं. राजाची कबर मिळेल अशी आशा होती. कबर मिळाली नाही. मिळाली ती बांधकामाची युक्ती. मधोमध एक जाड लाकडी खांब रोवला होता, त्याच्यापासून चहूबाजूंना कुडाच्या विणीची कुंपणं काढून कप्पे पाडले होते आणि प्रत्येक कप्प्यात माती व दगड ठासून भरले होते. म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की माती नुसती टाकत गेलं तर ती उभी राहत नाही. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ, कारण माझा जीव खरा तिथे अडकतो. उमेदीची काही वर्षं मी पाझर तलावांच्या मातीकामावर काढली आहेत. मातीचा ढीग दिसला की तो कसा उभा आहे हे मला आधी बघावंसं वाटतं.

आता इतिहास. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. तिसऱ्या वाटणीनंतर नकाशावर पोलंड नावाचा देशच उरला नाही, तो थेट १९१८ पर्यंत. १२३ वर्षं. १७९४ मध्ये रशियाविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व करणारा ताद्यूश कोश्चुश्को १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्याचा देह क्राकूवला आणून वावेल किल्ल्यावरच्या कॅथेड्रलमध्ये ठेवला. पण लोकांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. १८२० मध्ये त्यांनी शहराजवळच्या टेकडीवर माती रचायला सुरुवात केली आणि १८२३ मध्ये ३४ मीटर उंचीचं टेकाड पूर्ण केलं. पायथ्याचा व्यास सुमारे ८० मीटर. ज्या रात्सवावित्सेच्या लढाईत कोश्चुश्कोच्या बाजूने शेतकरी कोयते घेऊन तोफांवर धावले होते, तिथली माती त्यात आणून घातली. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातही लढला होता, म्हणून अमेरिकेतल्या रणभूमीची मातीसुद्धा आली.

इथून कोप्येत्सला नवा अर्थ चिकटला. जुनी टेकाडं राजांची होती. हे लोकांनी उभं केलेलं, आणि तेही स्वतःचं राज्य हातात नसताना. ज्यांच्याजवळ सरकार नाही, खजिना नाही, ज्यांना संगमरवर आणि शिल्पकार परवडणार नाही किंवा परवडला तरी परवानगी मिळणार नाही, अशा लोकांना देता येण्यासारखी गोष्ट होती ती माती आणि अंगमेहनत. पुतळ्यासाठी वर्गणी देणारा बाजूला उभा राहून बघतो. कोप्येत्सला माती देणारा माणूस ती स्वतः वर नेऊन ओततो.

पुतळ्याची वाट किती अवघड होती, याचा एक प्रसंग सांगतो. शेंकेविच स्वतः त्यात होता. १८९८ साली महाकवी आदाम मित्स्केविचच्या जन्माला शंभर वर्षं झाली. वॉर्सा तेव्हा रशियन झारच्या अमलाखाली. कवीचा पुतळा उभारायची परवानगी बऱ्याच खटपटीनंतर मिळाली. लोकवर्गणी जमली आणि शेंकेविच त्या समितीतला सर्वांत मोठा चेहरा होता. २४ डिसेंबरला अनावरण ठरलं. पण सरकारने भाषणांना मनाई केली. हजारो माणसं जमली, पडदा सरकला आणि कोणी काही बोललं नाही. पोलिश भाषेचा सर्वांत मोठा कवी समोर, सर्वांत लोकप्रिय गद्यलेखक गर्दीत, आणि त्या भाषेतलं एक वाक्यही मोठ्याने म्हणायची सोय नाही. असा तो सोहळा पार पडला.

आता या शेंकेविचकडे येऊ. जन्म ५ मे १८४६, गाव वोला ओकशेयस्का. हे ओकशेयाच्या अगदी शेजारी. घर आईच्या माहेरचं, आजीचं. आजी मूळची लेलेवेल घराण्यातली, म्हणजे योआखिम लेलेवेल या नामवंत इतिहासकाराच्या नात्यातली. बाळाचा बाप्तिस्मा ओकशेयाच्या चर्चमध्ये झाला. पुढे घरची परिस्थिती ढासळली, कुटुंब वॉर्साला गेलं, तरुण हेन्रिक पत्रकार झाला, 'लित्वोस' या टोपणनावाने लिहू लागला, दोन वर्षं अमेरिका फिरून आला.

तो सतरा-अठरा वर्षांचा असताना रशियाविरुद्धचा १८६३चा उठाव चिरडला गेला. त्यानंतर रशियाने 'पोलंड' हा शब्दच पुसायला घेतला. मुलखाला व्हिस्तुला नदीवरून नवं नाव दिलं, शाळांत रशियन आणली, पोलिश मुलांना पोलिश भाषा परक्या भाषेसारखी शिकवली जाऊ लागली. या वातावरणात १८८३ मध्ये वॉर्साच्या एका दैनिकात त्याची ऐतिहासिक कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. दैनिकाचं नाव 'स्वोवो', म्हणजे 'शब्द'. कादंबरीचं नाव 'अग्नी आणि तलवारीने'. तिच्यामागून 'महापूर' आली, मग 'पान वोवोदियोफ्स्की'. या तिन्हींना मिळून पोलंडमध्ये नुसतं 'त्रयी' म्हणतात, आणि कोणाची त्रयी हे विचारावं लागत नाही.

तिन्ही कादंबऱ्या सतराव्या शतकातल्या : कोसॅकांचा, म्हणजे युक्रेनमधल्या लढवय्यांचा उठाव, स्वीडनची स्वारी, तुर्कांशी लढाई. सेन्सॉरच्या दृष्टीने जुनी प्रकरणं. पण वाचणाऱ्याला त्यात दुसरंच दिसत होतं. स्वीडनच्या स्वारीत पोलंड जवळजवळ संपला होता. राजा परागंदा झाला होता, सरदार शत्रूला मिळाले होते, आणि तरीही देश उठून उभा राहिला. मग आताही का राहणार नाही? त्रयीच्या शेवटच्या ओळीत लेखकाने हेतू उघड सांगितला आहे : ही पुस्तकं 'मनांना उभारी देण्यासाठी' लिहिली. पोलिश बोलण्यात हा शब्दप्रयोग आता म्हणीसारखा वापरतात.

लोक कसे वाचायचे, हे समजून घेतल्याशिवाय टेकाडाचं कोडं सुटत नाही. रोजचा अंक यायचा आणि ज्याला वाचता येतं तो मोठ्याने वाचायचा. पहिल्या कादंबरीतला पोदबिप्येन्ता नावाचा साधाभोळा, उंचपुरा वीर वेढ्यात मारला जातो, तेव्हा लोकांनी त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवल्या असं सांगतात. कादंबरीतल्या पात्रासाठी.

याहून हलवून टाकणारी गोष्ट १८८८ची. त्रयी पूर्ण झाली होती. शेवटच्या कादंबरीचा नायक, बुटका, चपळ, तलवारबहाद्दर मिहाऊ वोवोदियोफ्स्की, कामिएनेत्सचा किल्ला तुर्कांच्या हाती जातो तेव्हा स्फोटात मरतो. त्यानंतर शेंकेविचला निनावी वाचकाकडून १५,००० रूबल आले. त्या काळी ही फार मोठी रक्कम. पाठवणाऱ्याने आपलं नाव लिहिलं नव्हतं. सही होती मिहाऊ वोवोदियोफ्स्कीची. लेखकाने ज्याला मारलं, त्या पात्राने लेखकाला पैसे पाठवले होते. शेंकेविचने ते स्वतःसाठी ठेवले नाहीत. त्याची पत्नी मारिया तीन वर्षांपूर्वी क्षयाने गेली होती. तिच्या नावाने त्याने निधी उभारला आणि क्षयाने ग्रासलेल्या लेखक-कलावंतांच्या उपचारासाठी तो दिला. कवयित्री मारिया कोनोप्नित्स्का आणि चित्रकार-नाटककार स्तानिस्वाफ विस्प्यान्स्की यांना त्यातून मदत मिळाली. मी शेंकेविचवर जे काही वाचलं आहे, त्यात मला हा प्रसंग सगळ्यांत मोलाचा वाटतो. कोप्येत्सच्या मागे जी देण्याची वृत्ती असते ती इथे दिसते : देणाऱ्याचं नाव नाही, देणं मात्र खरं, आणि मिळालेलं पुढे दुसऱ्याच्या हाती.

जगात तो ओळखला गेला तो 'क्वो व्हादिस' या रोमच्या कादंबरीने, १८९६ साली. १९०५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. ते 'क्वो व्हादिस'साठी मिळालं असं पुष्कळ जण लिहितात, ते चूक आहे. पारितोषिक महाकाव्याच्या तोलाचं लेखन करणारा म्हणून त्याच्या एकूण कामगिरीला होतं. आणि त्या वर्षी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, हे विसरू नका.

मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट जाता जाता. शेंकेविचने भारतीय पुराणांच्या वेशातल्या दोन छोट्या रूपककथाही लिहिल्या आहेत. त्यातल्या एकीत चांदण्या रात्री कृष्ण कमळाला मुलगी होण्याचं वरदान देतो. मग प्रश्न पडतो की इतक्या कोवळ्या जिवाने राहायचं कुठे? डोंगरावर बर्फ आहे, पाण्यात अजस्र जीव आहेत, गुहांत अंधार आहे. शेवटी तिला जागा मिळते ती कवी वाल्मीकीच्या हृदयात. रामायणाशी या कथेचा काही संबंध नाही, ती पूर्णपणे त्याची आहे. पण कवीच्या काळजाबद्दल त्याला काय वाटत होतं ते तिच्यात आलं आहे.

पहिलं महायुद्ध पेटल्यावर तो स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे या गावी गेला. तिथून त्याने पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की आणि इतरांबरोबर युद्धात होरपळलेल्या पोलिश लोकांसाठी मदत गोळा केली. १५ नोव्हेंबर १९१६ रोजी तो तिथेच वारला. पोलंड स्वतंत्र झाला ११ नोव्हेंबर १९१८ला. दोन वर्षांनी चुकामूक झाली. १९२४ मध्ये शवपेटी आगगाडीने मायदेशी आणली आणि वॉर्साच्या कॅथेड्रलमध्ये ठेवली. कोश्चुश्कोसारखाच हाही स्वित्झर्लंडमध्ये मेला, मोठ्या चर्चच्या तळघरात आला, आणि पुढे त्याच्यासाठीही माती रचली गेली.

ती रचायचं मनात आणलं ते त्याच्या जन्मगावच्या परिसरातल्या लोकांनी. काम १९३२ ते १९३८ असं सहा वर्षं चाललं. क्राकूवच्या टेकाडांमागे एक मोठं शहर होतं. ओकशेया म्हणजे शेतीवर जगणारं खेडं, आणि काळ जागतिक मंदीचा, शेतमालाचे भाव कोसळलेले. अशा दिवसांत राबणाऱ्या लोकांनी एका लेखकासाठी माती वाहिली, हे लक्षात घेतलं की टेकाडाची उंची मोजावीशी वाटत नाही. लेखकासाठी कोप्येत्स ही कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. मित्स्केविचचं बालपण ज्या भागात गेलं, त्या नोव्होग्रुदेक गावात (आता ते बेलारूसमध्ये आहे) १९२४ ते १९३१ या काळात त्याच्यासाठी असंच टेकाड रचलं होतं.

आता मातीकाम. खळ्यावर ज्वारीची रास घालताना कधी नीट पाहिलं आहे? सूप झटकलं की दाणे शेंड्यावर पडतात, घसरतात आणि एका ठरावीक उतारावर थांबतात. आणखी ओतलं तर रास रुंदावते, पण उतार तोच राहतो. कोरडी, सुटी माती साधारण ३० ते ३५ अंशांवर अशी आपली आपण थांबते. त्याहून उभा उतार हवा असेल तर तिला कशाने तरी धरून ठेवावं लागतं. कोश्चुश्कोच्या टेकाडाचे आकडे घ्या : उंची ३४, पायथ्याची त्रिज्या ४०. साधं गणित केलं तर उतार ४० अंशांच्या आसपास निघतो. म्हणजे माती स्वतःहून जिथे थांबली असती, त्याहून ती जास्त उभी ठेवली आहे. दिसायला सुंदर, पण ती सतत खाली यायला टपलेली असते.

धरून ठेवायचं कसं? क्राकसच्या टेकाडातले खांब आणि कुडाचे कप्पे हे एक उत्तर. दुसरं उत्तर आमच्या बांधावरचं : थर देणे आणि चोपणे. वीतभर जाडीचा थर पसरायचा, धुमसाने चोपायचा, मग पुढचा थर. यात ओलाव्याला फार महत्त्व. माती फार कोरडी असेल तर चोपूनही कण एकमेकांना धरत नाहीत. फार ओली असेल तर धुमस पडला की ती बाजूला फाकते, रबरासारखी. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. आमचे मुकादम प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी एवढंच बघून सांगायचे.

आणि किती माती लागते? समजा टेकाड फक्त १० मीटर उंच करायचं आहे, पायथ्याचा व्यास ३० मीटर. शंकूचं सूत्र लावलं तर सुमारे २,३५० घनमीटर माती. घनमीटरला १.६ टन धरला तर ३,७०० टनांहून जास्त. एका घमेल्यात १५ किलो धरा. अडीच लाख घमेली होतात. उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्या तर माती दुप्पट नाही, आठपट लागते. म्हणून ही कामं वर्षानुवर्षं चालतात. ओकशेयाची सहा वर्षं मला तरी जास्त वाटत नाहीत.

मातीच्या टेकाडाला सर्वांत मोठा धोका पाण्याचा. पाऊस आत मुरला की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, पाणी कणांना एकमेकांपासून ढकलतं, घर्षण कमी होतं आणि एखाद्या रात्री उताराचा मोठा तुकडा सरळ खाली बसतो. १९९७च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये भयंकर पाऊस आणि पूर आला, तेव्हा कोश्चुश्कोच्या टेकाडाचं नेमकं हेच झालं. पावणेदोनशे वर्षं टिकलेले उतार घसरले. दुरुस्तीला काही वर्षं गेली. आतलं पाणी बाहेर काढायची सोय करावी लागली आणि मातीत कृत्रिम धाग्यांच्या जाळ्या घालाव्या लागल्या. क्राकसच्या कुडाच्या कप्प्यांचंच काम, नव्या सामानाने.

म्हणून अशा टेकाडांवर गवत हवंच. गवताची बारीक मुळं वरची वीतभर माती जाळ्यासारखी धरतात आणि पावसाच्या थेंबाचा मार पानांवर घेतात. मोठी झाडं वाढू द्यायची नाहीत, कारण वाऱ्याने झाड हललं की मुळांजवळची माती सैल होते आणि त्या फटींतून पाणी उतरतं. कोश्चुश्कोच्या टेकाडावर चढायची वाट नागमोडी, गोल फिरत जाणारी आहे, त्यालाही हेच कारण. सरळ वाट म्हणजे पावसाच्या पाण्याला पन्हाळ करून दिल्यासारखं. कधी अशा टेकाडावर गेलात तर वाट सोडून आडवे चढू नका. तुमच्या दहा पावलांनी झालेली घळ पुढच्या पावसात हातभर खोल होते.

एवढं नाजूक असूनही कोप्येत्स पुसून टाकणं सोपं नाही. क्राकूवजवळ मार्शल युझेफ पिऊसुत्स्की या स्वतंत्र पोलंडच्या नेत्याच्या नावाचं टेकाड १९३४ ते १९३७ मध्ये, म्हणजे ओकशेयाच्याच काळात रचलं गेलं. ३५ मीटर उंच, आणि त्यात तीन हजारांहून जास्त रणभूमींची माती. जर्मनांनी क्राकूव घेतल्यावर त्यांचा गव्हर्नर हान्स फ्रांक याने ते सपाट करायचा हुकूम सोडला. हुकूम अमलात आला नाही. युद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीलाही ते खुपत होतं. १९५३ मध्ये शेंड्यावरची ग्रॅनाइटची शिळा रणगाडा लावून ओढून काढली आणि उतारांवर झाडं लावली, म्हणजे टेकाड जंगलात बुडून जाईल. १९८१ पासून लोकांनी ते पुन्हा मोकळं करायला घेतलं. पुतळा एका रात्रीत दोर लावून पाडता येतो. लाखभर घनमीटर माती हलवायची तर ज्यांनी ती रचली त्यांच्याएवढीच मेहनत करावी लागते, आणि द्वेषाने एवढी मेहनत करायला सहसा कोणी तयार होत नाही.

ओकशेयाचं काम संपलं १९३८ला. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला जर्मनी आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत युनियन पोलंडमध्ये घुसले. त्या मोहिमेतली पोलिश सैन्याची शेवटची मोठी लढाई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात याच मुलखात, कोत्स्क गावाभोवती झाली. जनरल फ्रान्चिशेक क्लेबेर्गची फौज दारूगोळा संपेपर्यंत लढली आणि ६ ऑक्टोबरला तिने शस्त्रं ठेवली. नंतर भूमिगत चळवळीत गेलेल्या तरुणांना खरी नावं लपवायची होती, तेव्हा पुष्कळांनी टोपणनावं घेतली ती त्रयीतली : क्मिचित्स, स्क्शेतुस्की, वोवोदियोफ्स्की. सोव्हिएत राजवटीने ज्यांना उचलून सायबेरियात नि कझाकस्तानात नेलं, त्यांतली पाचएक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, फिरत फिरत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोहोचली आणि १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिली. तिथे त्यांनी पोलिश शाळा चालवल्या. देशाबाहेर पोलिश पुस्तक हातात पडणं म्हणजे काय, हे शेंकेविचने १८८१ मध्येच एका कथेत लिहून ठेवलं होतं. पनामाजवळच्या दीपगृहावर नोकरीला असलेला एक म्हातारा पोलिश सैनिक. त्याला पार्सलमधून मित्स्केविचचं काव्य मिळतं. तो वाचत बसतो, रडतो, आणि त्या रात्री दिवा लावायचा राहून जातो. एक जहाज अडकतं, नोकरी जाते. पुस्तक उराशी धरून तो पुढच्या वाटेला लागतो.

शेंकेविचवर सगळे खूश आहेत असं समजू नका. युक्रेनमध्ये 'अग्नी आणि तलवारीने' वाचताना माणसांना राग येतो, आणि तो खोटा नाही. त्यांचा उठावाचा नेता ख्मेल्नित्स्की, त्यांचे कोसॅक तिथे पोलिश सरदाराच्या नजरेने रंगवलेले आहेत. एकाच्या मनाला उभारी देताना दुसऱ्याच्या पूर्वजांना काळं फासलं गेलं. पोलंडमध्येही व्हितोल्द गोम्ब्रोविच या लेखकाने त्याला 'दुसऱ्या दर्जाच्या लेखकांतला पहिल्या प्रतीचा लेखक' म्हटलं आहे. मला दोन्ही तक्रारींत तथ्य वाटतं. तरी अंधारात बसलेल्या माणसांना त्याने वर्षानुवर्षं वाचायला काहीतरी दिलं. टेकाड त्यासाठी आहे. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं असा दावा करण्यासाठी कोणी माती वाहिली नाही.

ज्या घरात त्याचा जन्म झाला ते घर आता उरलेलं नाही. वाड्याच्या आवारातली एक जुनी इमारत राहिली, तिच्यात १९६६ पासून त्याचं संग्रहालय आहे. ओकशेयाच्या ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथेच त्याची आई स्तेफानिया हिला मूठमाती दिलेली आहे. मुलगा वॉर्साला, आई ओकशेयाला, आणि तिच्या गावच्या लोकांनी त्याच्या नावाने रचलेली माती त्याच गावात.